आईच्या पारड्यात माझं वजन

डायलिसिस थांबवायचं का, हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यात आधी आईनेच काढला. चौथा तास संपत आला होता. तिच्या पोटरीत गोळे आले होते आणि ताई तिच्या पायाचा अंगठा वरच्या बाजूला दाबून धरून उभी होती. आई डोळे मिटूनच म्हणाली, "हे किती दिवस करायचं रे?" मी म्हणालो, "झालं, दहा मिनिटं राहिलीत." तिने काय विचारलं ते मला नीट कळलं होतं. दहा मिनिटांचं उत्तर मी मुद्दाम दिलं.

तोवर तीन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. डाव्या हाताच्या फिस्चुलात दोन जाड सुया. शीर आणि रोहिणी शस्त्रक्रियेने जोडून केलेला हा फिस्चुला चालू आहे ना, हे रोज हाताने पाहायचं असतं. बोटं ठेवली की कातडीखाली एक थरथर लागते, मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तशी. सकाळी उठल्यावर आईच्या हातावर बोटं ठेवून ती थरथर पाहणं हे माझं काम होतं. आहे म्हटलं की दिवस सुरू.

नीतिशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय. त्यामुळे आईचा प्रश्न डोक्यातून जाईना तेव्हा मी वही काढली. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या वहीने माझं भलं केलं. पण ते ज्या रीतीने केलं, ती मला अजून बोचते.

सुरुवात इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमपासून केली. १७८९ साली त्याने सुखदुःख मोजायला सात मापं सांगितली: तीव्रता, कालावधी, खात्री, जवळीक, त्यातून पुढे तसंच आणखी निपजण्याची शक्यता, निर्भेळपणा आणि किती जणांना ते पोचतं. वर्गात हे शिकवताना मुलं हसतात, सुख काय मापाने मोजतात का म्हणून. मी मात्र गंभीरपणे रकाने आखले. आठवड्याचे १६८ तास, त्यातले मशीनवर १२. नुसतं एवढं पाहिलं तर दुःखाचा हिस्सा किरकोळ वाटतो. मग मी मापं लावत गेलो आणि पाचव्या-सहाव्या मापाशी थबकलो. चार तासांचं दुखणं चार तासांत संपतच नव्हतं. घरी आल्यावर ती पिळून काढल्यासारखी पडून राहायची ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत. रात्री अंगाला खाज सुटायची, झोपेचं खोबरं व्हायचं. आणि मोकळ्या दिवसाची जी चांगली वेळ, तीही निर्भेळ नव्हती. संध्याकाळ झाली की ती "उद्या आहे ना?" असं विचारायची. दोन आठवडे नोंदी ठेवल्या, तेव्हा आईचे म्हणावेत असे तास आठवड्याला वीसच्या आसपास निघाले. बेरीज उणे आली.

उणे आली म्हणून मी मिलकडे गेलो, बेंथमच्याच परंपरेतल्या पुढच्या तत्त्वज्ञाकडे. हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नव्हतं. मिलने १८६१ मध्ये बेंथमच्या हिशेबात दुरुस्ती केली: सुखाचा आकार पाहून भागत नाही, प्रतही पाहावी लागते. समाधानी डुकरापेक्षा असमाधानी माणूस बरा, हे त्याचंच. मला एवढा आधार पुरेसा होता. आईच्या वीस तासांत वरच्या प्रतीचं काही असलं तर बाकीचे तास त्यापुढे फिके पडतील.

ते काही मीच शोधून आणलं. माळ्यावर जुन्या फोटोंचे तीन डबे होते. त्यांतली निम्मी माणसं ओळखणारं आईशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी डबे खाली काढले, पुसले, तिच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "प्रत्येकाच्या मागे नाव आणि साल लिही. हे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही." तिने चष्मा पुसला आणि पेन्सिल मागितली. पेनाची शाई पुढून फुटते, म्हणाली. त्या दिवशी मला जे हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. मी वहीत एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: अर्थ.

पहिला डबा महिन्याभरात झाला. अक्षर तिचं जन्मभराचं, गोल आणि सुटं. दुसऱ्या डब्याच्या मध्यावर ते बदलत गेलं. ओळ खाली उतरायची, काना मात्रेवर चढायचा. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले फोटो मी नुसत्या अक्षरावरून वेगळे काढू शकत होतो. तरी ती लिहीत होती आणि मी रोज संध्याकाळी फोटो मोजत होतो.

ताईचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं. "तिला सुखी कर असं मी म्हणतच नाही," ती म्हणायची, "तिचं दुखणं थांबव, एवढंच म्हणते." मी तिला सांगितलं की तू म्हणतेस तो विचार नवा नाही. १९४५ मध्ये कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने हेच मांडलं होतं. दुःख मदतीसाठी थेट हाक मारतं, सुखाने चाललेल्या माणसाचं सुख वाढवा अशी हाक कुठूनच येत नाही, तेव्हा दोन्ही एका तराजूत घालू नका. आणि लगेच १९५८ मधला आर. एन. स्मार्ट या तत्त्वज्ञाचा आक्षेपही तिला ऐकवला: दुःख कमी करणं हेच एकमेव कर्तव्य असेल, तर साऱ्या मानवजातीला वेदना न होता क्षणात नाहीशी करणारा राजा सगळ्यांत नीतिमान ठरेल. ताई आईच्या पायाला तेल चोळत होती. मान वर न करता म्हणाली, "जगाचं मला सांगू नकोस. हा पाय बघ." मी पाहिला. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

स्मार्टचा आक्षेप आजही मला पटतो. पण त्या क्षणी मी तो पटतो म्हणून काढला नव्हता. ताईला गप्प करायला काढला होता.

मग फ्रांकल. छळछावण्यांतून जिवंत परतलेल्या या मनोविकारतज्ज्ञाने १९४६ मध्ये लिहिलं की माणूस तीन वाटांनी अर्थापाशी पोचतो: काही घडवून, काही अनुभवून किंवा कुणावर प्रेम करून, आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला ज्या रीतीने तो सामोरा जातो त्यातून. एका मोकळ्या दिवशी सकाळी मी हे आईला सविस्तर सांगितलं. शिकवण्याच्या भरात सांगितलं, खरं तर. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला तिथून बाहेर पडता येत होतं का?"

"नाही. कसं पडता येणार?"

"मग त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढचा फोटो उचलला.

त्या रात्री मी तो मजकूर पुन्हा वाचायला घेतला. वर्षानुवर्षं शिकवलेलं, तरी एक वाक्य माझ्या टिपणांत कधी आलंच नव्हतं. फ्रांकल स्पष्ट म्हणतो की अर्थासाठी दुःख लागतंच असं नाही, आणि दुःख टाळता येत असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थपूर्ण काम. विनाकारण सोसण्यात त्याला काही शौर्य दिसत नाही. सोयीचा अर्धा भाग मी लक्षात ठेवला होता. आणखी एक गोष्ट आठवली. युद्धाच्या काळात फ्रांकलला अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून जायचं नाही म्हणून त्याने तो वाया जाऊ दिला. म्हणजे बाहेर पडण्याची एक वाट त्याच्यापुढेही एकदा होती. ती न घेण्याचा निर्णय मात्र त्याने स्वतः घेतला होता. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी नाही.

इथे पहिल्यांदा मला माझी वही वाईट दिसली. बेंथमने नाही म्हटलं म्हणून मिल, मिल पुरेना म्हणून फ्रांकल. हवं ते उत्तर मिळेपर्यंत मी चौकट बदलत होतो. मिलकडेसुद्धा मी नीट पाहिलं नव्हतं. दोन सुखांतलं कोणतं वरचं हे ठरवण्याचा अधिकार तो फक्त ज्याने दोन्ही अनुभवलीत त्यालाच देतो. आमच्या घरात असा माणूस एकच होता, आणि त्याला सोडून मी सगळ्यांना विचारत होतो.

किडनीच्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करायला पाहणाऱ्या, डॉक्टर बाईंकडे पाठवलं. मी धसकलो होतो, कारण माझ्या मनात तो शब्द म्हणजे हात टेकणं. बाईंनी खुर्ची आईच्या पलंगापाशी ओढली आणि आमच्याकडे न बघता तिलाच विचारलं, "सगळ्यात जास्त काय छळतं?"

मला वाटलं सुया म्हणेल, गोळे म्हणेल. आई म्हणाली, "खाज. आणि पाणी."

पाणी मोजून प्यायचं होतं, दिवसाला लिटरभर. औषधं गिळायला लागणारं त्यातच धरायचं. ती म्हणाली, "तीन वर्षांत मी एक पेला गटागटा प्यायले नाही." मी रोज तिच्या हातात पेला देत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत तीव्रतेचा रकाना होता, तहानेचा नव्हता.

मग बाईंनी विचारलं, "आणि कशासाठी जगावंसं वाटतं?"

मी फोटोंचा डबा जवळ सरकवला. मला आठवतंय, मी तो सरकवला. आईने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी मायेने म्हणाली, "ते याच्यासाठी करतेय. मी नाव लिहिलं की त्याला बरं वाटतं."

बाईंनी काहीच म्हटलं नाही. ताई खिडकीकडे वळली. मी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तरी लावत राहिलो.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचं एक वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो: माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. त्याच्या १७८५ सालच्या पुस्तकातलं आहे. गुलामी, फसवणूक, खोटी वचनं अशी उदाहरणं मी देत आलो. आपल्या आईला आपल्या समाधानासाठी दुखण्यात थांबवून ठेवणं हे उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं. आणि तिने तर ते आनंदाने चालवून घेतलं होतं, म्हणजे तिथे जबरदस्तीही दिसणार नाही. प्रेम करणाऱ्या माणसाला साधन करणं फार सोपं असतं, तो आपणहून तसा होतो.

पण मला खरं हलवलं ते लेव्हिनास या फ्रेंच तत्त्वज्ञाने. १९८२ सालच्या एका निबंधात तो म्हणतो की मी माझ्या वेदनेला अर्थ देऊ शकतो, विशेषतः दुसऱ्याची वेदना पाहून मला होणाऱ्या वेदनेला. समोरच्याची वेदना मात्र माझ्या दृष्टीने निरर्थकच राहायला हवी. शेजाऱ्याच्या दुःखाचं समर्थन करणं, इथेच साऱ्या अनीतीचा उगम आहे. हे मला पूर्वी टोकाचं वाटायचं, कारण दुःखातून शिकलेली, उजळलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. आता त्यातला भेद कळला. आई स्वतः म्हणाली असती की या सोसण्यात मला काही सापडलंय, तर ते मी मानायचं. ती म्हणत नसताना मी तिच्या वतीने ते सापडवून द्यायचं नाही. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कमी करता येतं. त्याचा अर्थ आपल्याला त्याच्याऐवजी लावता येत नाही. ही दोन कामं मी तराजूच्या दोन पारड्यांत टाकली होती, तीच मुळात माझी चूक. पहिलं काम माझं होतं आणि ते मी धड केलंही नव्हतं. साधी खाज!

बाईंनी सहा आठवड्यांची मुदत घालून घ्यायला सुचवलं. खाजेवरचं औषध बदललं. डायलिसिस तीनऐवजी दोन वेळा. त्याने आयुष्य थोडं कमी होऊ शकतं, हे त्यांनी आईला सरळ शब्दांत सांगितलं. मशीनवर एका वेळी कमी पाणी काढायचं, म्हणजे गोळे येणार नाहीत. सहा आठवड्यांनी आईला विचारायचं आणि ती म्हणेल ते. पॅलिएटिव्ह केअरचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्सने समग्र वेदना ही कल्पना मांडली. शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि आत्म्याचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं, एक सुटं काढून मोजता येत नाही. बाईंनी हे नाव घेतलं नाही, त्यांच्या विचारण्यातच ते होतं.

मी नवी वही केली. या वेळी रकाने नाहीत. रोज संध्याकाळी आई जे म्हणेल ते एक वाक्य, तिच्याच शब्दांत. एक अडचण मला ठाऊक होती. मानसशास्त्रज्ञ काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग: लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या थंड पाण्यात हात धरला, दुसऱ्या वेळी तेवढंच करून आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. पुन्हा करायचं तर कोणतं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचं निवडलं. शेवट थोडा सुसह्य होता म्हणून जास्त त्रास बरा वाटला. मग चौथ्या तासाची आई खरी, की दुसऱ्या दिवशी "ठीक होतं रे" म्हणणारी? हा प्रश्न मी बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "दोघींनाही विचारा." म्हणून मी मशीनपाशीही विचारू लागलो. सुरुवातीला मला ते क्रूर वाटलं, आईला मात्र आवडायला लागलं. एकदा म्हणाली, "आज विचारलं नाहीस?"

तिसऱ्या आठवड्यात ती सलग पाच तास झोपली. ताई सकाळी मला दारातच म्हणाली, "झोपली!" आणि रडली. चौथ्या आठवड्यात गोळे थांबले. वहीत वाक्यं आहेत: "आज ऊन छान होतं." "पाठ दुखतेय पण चालेल." "तुझ्या ताईने केस विंचरले." फोटोंचं नाव एकदाही नाही.

आम्हा दोघांनाही आता वाटू लागलं की ती डायलिसिस चालू ठेवेल. ताईच्या हिशेबाने दुखणं कमी झालं होतं, माझ्या हिशेबाने तास वाढले होते. दोन्ही हिशेब एकाच बाजूला झुकत होते.

सहा आठवडे झाले. आई म्हणाली, "बंद करू या."

मी न राहवून म्हणालो, "अगं, पण आता बरं आहे ना?"

"बरं आहे म्हणूनच सांगते. मागे विचारलं तेव्हा नकोसं झालं होतं. आता नकोसं नाही झालेलं. आता पुरे झालंय."

नकोसं आणि पुरे. मी आयुष्यभर शब्दांवर काम केलं आणि हा फरक मला तिने दाखवला. दुःखाच्या रकान्यात तो बसत नाही, अर्थाच्या अभावातही बसत नाही. त्यातल्या त्यात ॲरिस्टॉटल जवळ येतो, तो चांगल्या जगण्याला पुरं आयुष्य लागतं म्हणतो. पण पुरं कधी झालं, हे आतूनच कुणी सांगावं, याला त्याच्याकडेही जागा नाही.

रात्रभर मी झोपलो नाही. कांटच्या त्याच पुस्तकात संकटांनी कंटाळून जीव देऊ पाहणाऱ्या माणसाचं उदाहरण आहे आणि कांट त्याला ठाम नाही म्हणतो. आई तसं करत होती का? उपचार थांबवणं आणि जीव घेणं यांत फरक आहे असं मी धरून चाललो होतो. आजार त्याच्या वाटेने जातो, आपण फक्त आडवा घातलेला हात काढतो. पण १९७५ मध्ये जेम्स रेचल्स या तत्त्वज्ञाने हा फरक नैतिकदृष्ट्या किती तकलादू आहे ते दाखवलं होतं, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी आजही पूर्ण नाही. मला एवढंच दिसत होतं की आईला मरायचं नव्हतं. तिला मशीनवर जायचं नव्हतं. मरण त्यामागून येणार हे तिला माहीत होतं आणि ते तिने धरलं होतं. हा भेद मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला, युक्तिवादात मला तो अजून सिद्ध करता आलेला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, साधारण आठवडा-दहा दिवस. पहिल्या दिवशी ताईने पेला भरून पाणी आणलं. आईने तो दोन्ही हातांत धरला आणि एका दमात अर्धा संपवला, मग थांबून आमच्याकडे पाहिलं आणि उरलेला संपवला. पुढे तिला तेवढं कधी लागलं नाही. चार दिवस ती नीट बोलत होती. नंतर झोप वाढत गेली. दम लागू नये आणि खाज उठू नये म्हणून औषधं होती, बाई दिवसाआड येत होत्या. मी सकाळी उठून सवयीने तिच्या हातावर बोटं ठेवायचो. फिस्चुला आता कशालाच लागणार नव्हता, तरी आतली थरथर चालूच होती. नवव्या दिवशी पहाटे ती लागली नाही.

पहिला डबा पुरा आहे, दुसरा अर्धा. तिसरा तिने उघडलाही नव्हता. गेल्या महिन्यात ताई आणि मी तो घेऊन बसलो. एका फोटोत चार मुली पायरीवर बसल्यात, डावीकडून दुसरी आई, दोन वेण्या, हसताना डोळे बारीक झालेले. बाकीच्या तिघी कोण, ते सांगणारं आता कुणी नाही. ताईने पेन्सिल घेतली, मागे आईचं नाव लिहिलं, आणि एक आधी, दोन नंतर अशा तिघींच्या जागा मोकळ्या सोडल्या.